नवऱ्याने नववीनंतर कोणते विषय घ्यावेत

करातिना बाजाराच्या वरची डोंगराची सोंड,
धुक्याचा महिना

प्रिय धाकट्या गाकुरू,

तुझ्या थोरल्या बहिणीचे, गथोनीचे, तुला आणि तुझ्या घरातल्या सगळ्यांना पोतंभर आशीर्वाद. देवाच्या कृपेने आम्ही इथे धडधाकट आहोत, फक्त माझा गुडघा तेवढा त्या कृपेतून कसा निसटला कळत नाही. गाय गाभण आहे. कॉफीला फळ बरं धरलंय. धुकं असं पडतंय की सकाळी समोरची सोंड दिसत नाही, आणि समोरच्या सोंडेवरची माणसंही दिसत नाहीत, त्यामुळे महिना शांततेत चाललाय. तुझे नवे दात बसले का? बसले असतील तर जेवताना लाव, नुसते फोटोपुरते ठेवू नकोस. मोंबासाच्या उकाड्यात तुझ्या पायांची सूज कशी आहे तेही कळव.

तू म्हणशील, घरात एवढे फोन असताना अक्का पत्र का लिहीत बसली. तर बाबा, फोनवर तू असा बोलतोस की जणू मोंबासाहून फोनशिवायच हाक मारतोयस. तुझं बोलणं आमच्या कोंबड्यासुद्धा ऐकतात. आणि मला जे सांगायचंय ते कोंबड्यांनी ऐकलं तर चालेल, मुरिथीने ऐकलेलं चालणार नाही. (पोटचा मुलगा आहे, सोन्यासारखा आहे, पण कानांचा फार तिखट.) अक्षर वाकडं आलं तर दोष आपल्या बापाचा. तिसरीतून मला काढताना म्हणाला होता की मुलीच्या जातीला एवढं पुष्कळ झालं. तेवढ्यावर मी आयुष्य काढलं आणि आज हे पत्रही काढतेय.

तर बातमी अशी, की माझा नवरा यंदा नववीत आहे.

(हे पत्र तुला तुझी बायको वाचून दाखवणार, आणि ती किनाऱ्याकडची, म्हणून तिच्यासाठी लिहिते. वहिनी, आमच्या डोंगरात पहिल्या नातवाला बापाच्या बापाचं नाव ठेवतात, आणि एकदा नाव ठेवलं की तो नुसता नातू राहत नाही, आजोबाच होतो. आमचे ते वाचीरा, तर मुरिथीचा पहिला मुलगाही वाचीरा. म्हणून मी त्याची शोशो, म्हणजे आजी, आहेच, शिवाय बायकोही आहे. उशिरा घरी आला तर मी विचारते, काय हो, साखर आणलीत का? आणि तो चड्डी सावरत म्हणतो, बायको, आधी चहा टाक. तुमच्याकडे हे चालत नसेल, पण आमच्याकडे यावाचून म्हातारपण जात नाही.)

आता नववी म्हणजे पूर्वीची नववी नव्हे. माझ्या थोरल्या लेकीच्या वेळी सात वर्षं, मग चार, मग दोन असं काहीतरी होतं. मुरिथीच्या वेळी आठ, चार आणि चार झालं. आता म्हणे सहा, तीन आणि तीन. प्रत्येक सरकारला बेरीज वेगळी येते, पण पोरगा शाळेतून बाहेर पडतो तो तेवढाच उंच होऊन. शिवाय या नव्या पद्धतीत गृहपाठ मुलांना देतात आणि करतात आईबाप. मागे एकदा बुजगावणं करून आणायला सांगितलं होतं. न्याविराने, म्हणजे माझ्या सुनेने, त्याला माझ्या नवऱ्याचा (थोरल्या नवऱ्याचा) जुना कोट घातला आणि मला न सांगता अंगणात उभं केलं. मी पहाटे दूध काढायला बाहेर आले, तर हे धुक्यात उभे. मी म्हटलं, आलात तर आलात, बादली तरी धरा. पुढे बरंच काही बोलले, बरीच वर्षं साठलेलं होतं. मग बुजगावण्याचं डोकं गळून पडलं तेव्हा मला कळलं. त्या बुजगावण्याला शाळेत चांगला शेरा मिळाला.

तर नववी संपली की या पोरांनी वाट निवडायची. एक विज्ञानाची, एक समाजाची, एक कला आणि खेळांची. आपल्याला तुझ्यामाझ्या वेळी दोनच वाटा माहीत, नदीवर जायची आणि बाजाराला जायची, आणि त्या निवडायला कोणी विचारलं नाही. आता शाळेने सगळ्या पालकांना बोलावलं. मुरिथीचं सुट्या भागांचं दुकान, न्याविरा चहाच्या मळ्यावर, म्हणून गुडघा घेऊन मी गेले. वाटा समजावून सांगणारे ओगुटू मास्तर नवीन आहेत, सरोवराकडचे, फार सभ्य. दारातच बसून ते कोण कोणाच्या वतीने आलंय ते लिहून घेत होते. मला विचारलं, वाचीरा तुमचा कोण? मी म्हटलं, नवरा.

मास्तरांनी पेन खाली ठेवलं. मला खुर्ची दिली. मग हळूच विचारलं की त्यांची प्रकृती कशी आहे. मी म्हटलं, त्यांना जाऊन बरीच वर्षं झाली, पण आता नववीत आहेत, उत्तम आहेत, फक्त शर्टाची बटणं टिकत नाहीत. मास्तरांनी पाण्याचा पेला मागवला. मला वाटलं माझ्यासाठी, पण त्यांनी स्वतःच प्यायला. शेवटी आमच्या सोंडेवरच्या एका बाईने त्यांच्या कानात रीत समजावली. तेव्हापासून माणूस मला बाजारात दिसला की टोपी काढतो आणि विचारतो, मालक कसे आहेत?

सभा छान झाली. मास्तरांनी फळ्यावर तिन्ही वाटा लिहिल्या आणि तळमळीने सांगितलं की कोणतीही वाट वरची नाही, कोणतीही खालची नाही, मुलाचा कल बघा. सगळ्यांनी माना डोलावल्या आणि सगळ्यांनी विज्ञान मागितलं, कारण फळ्यावर ते सगळ्यात वर लिहिलं होतं. एकाने विचारलं की आमदाराचा मुलगा कोणत्या वाटेने गेलाय तेवढं सांगा, म्हणजे वेळ वाचेल. एक बाई म्हणाली, माझी मुलगी दिवसभर बडबडते, तिला कुठे घालू? मास्तर म्हणाले, समाजाच्या वाटेत, तिथे वकील होतात. तर ती रडायलाच लागली, की घरातली भांडणं काय कमी आहेत. मग मास्तरांनी खिशातून फोन काढून पाहिला आणि कबूल केलं की सकाळी त्यांनी जे सांगितलं त्यातलं थोडं दुपारी वरून बदललंय. त्यावर मात्र कोणाला आश्चर्य वाटलं नाही.

घरी येऊन मी मुरिथीला तिन्ही वाटा सांगितल्या. त्याने दुसरी ऐकूनही घेतली नाही. विज्ञान, म्हणाला, आणि त्यातही यंत्रं. आमचे ते कॉफीच्या कारखान्यात बिया सोलायचं यंत्र चालवायचे, हे मुरिथीला एखाद्याचा बाप राजा असावा तसं वाटतं. यंत्र बंद पडलं की बाबा त्यावर नुसता हात ठेवायचे आणि ते चालू व्हायचं, असं तो सांगतो. (हात ठेवायचे हे खरं. चालू व्हायचं ते शहरातून मिस्त्री आल्यावर.) नाव वाचीरा, म्हणजे हातही वाचीराचे, एवढं सरळ त्याचं गणित. सोंडेवरही सगळे हेच म्हणतात. पोराला नाव दिलंय तर त्याबरोबर यंत्रही घ्यायलाच हवं, जशी गाय घेतली की दोरी येते.

पोराची परीक्षा म्हणून मुरिथीने आपली मोटारसायकल त्याच्यापुढे उभी केली आणि सांगितलं की खोल, साफ कर आणि परत लाव. पोराने खोलली झकास. साफ केली इतकी की नट एखाद्या माळेत ओवावेत. लावताना मात्र काय कशात गेलं देव जाणे. रविवारी मुरिथी चर्चला निघाला, उतारावर ब्रेक दाबला तर भोंगा वाजला. जितका ब्रेक दाबावा तितका भोंगा मोठा. खाली भजनी मंडळ ओळीने चालत होतं, त्यांना वाटलं कोणी मंत्री येतोय, सगळे बाजूला होऊन अदबीने उभे राहिले. मुरिथी त्यांच्यामधून गेला, चर्चवरूनही गेला आणि शेवटी कोणाच्या तरी केळींमध्ये थांबला. लागलं काही नाही. एक भाग उरला होता, जाड, गोल, लोखंडी. तो पोराने माझ्या भाताच्या झाकणावर वजन म्हणून ठेवला होता. भात मात्र असा झाला, गाकुरू, की दाणा न् दाणा वेगळा.

आता मूळ गोष्टीला येते. पोराला स्वयंपाक येतो. येतो म्हणजे नुसता येत नाही, त्याला त्याचं वेड आहे. गुडघ्यामुळे मी पडून होते तेव्हा त्याने मला मका, बटाटा, पालेभाजी कुटून असं केलं की मी मेले असते तरी उठून जेवले असते. न्याविराच्या भाचीच्या मागणीला पाहुणे आले, तेव्हा बायका कोणाचं पातेलं मोठं यावर भांडत बसल्या आणि पिलाव लागायला आला, तो या पोराने वरच्यावर दुसऱ्या पातेल्यात काढून वाचवला. पाहुण्यांनी न्याविराचं कौतुक केलं, तिने ते घेतलं, काय करणार? आपल्या सोंडेवर पुरुष माणूस अंगणात बकरा भाजेल, त्याचं वाटपही करेल, पण चुलीजवळचं पातेलं? मुलगा मोठा झाला की चुलीपाशी रेंगाळलेलाही चालत नाही.

भोंग्याच्या रविवारी पोरगा माझ्याजवळ येऊन बसला. शेंगा सोलत होता, वर बघत नव्हता. म्हणाला, "शोशो, मला मोठ्या हॉटेलात आचारी व्हायचंय. बाबांना सांगितलं तर ते मारणार नाहीत, पण बोलायचे थांबतील." मला ते लागलं. मुरिथी खरंच तसा आहे, रागावला की महिनाभर घरात नुसता खोकून काम भागवतो. आणि पोरगा बापावर जीव टाकतो.

दुसऱ्या दिवशी मी काठी घेतली आणि ओगुटू मास्तरांकडे गेले. विचारलं, यातल्या कोणत्या वाटेवर पातेलं लागतं? मला वाटलं होतं कला आणि खेळ म्हणतील. मास्तर हसले आणि म्हणाले, आजी, गृहविज्ञान विज्ञानाच्याच वाटेत आहे, शेती आणि संगणकाच्या शेजारी. मी त्यांना पुन्हा म्हणायला लावलं. मग तिसऱ्यांदा नुसतं आनंदासाठी. सगळ्या बदलत्या बेरजांमध्ये सरकारने एवढं एक माझ्यासाठी करून ठेवलं होतं.

पोराने शाळेच्या संगणकात तेच नोंदवलं. घरी येऊन म्हणाला, विज्ञान घेतलं. मी म्हटलं, हो, विज्ञानच घेतलंय त्याने. दोघंही खोटं बोललो नाही. मुरिथीने पुढचं विचारलं नाही, कारण विज्ञान म्हटल्यावर त्याला ऐकू येणं बंद झालं होतं. तो सोंडेच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत सांगत सुटला. दुकानात गिऱ्हाईक स्क्रू मागायला आलं की आधी विज्ञान ऐकायचं, मग स्क्रू मिळायचा. बाबांचे हात, बाबांचं डोकं. एका म्हाताऱ्याला तर त्याने सांगून टाकलं की पोरगा विमानं बांधणार, आणि तो म्हातारा विमान उतरवायला आपली खालची जमीन विकत द्यायला तयार झाला.

हे सुख आठवडाभर टिकलं. मंगळवारी बाजारच्या दिवशी ओगुटू मास्तर दुकानापुढून जात होते. आधी टोपी काढून माझी चौकशी केली, मग सगळ्या गिऱ्हाइकांसमोर मुरिथीचा हात हातात घेऊन म्हणाले, "तुमचं मन मोठं आहे. या भागातून गृहविज्ञान घेणारा पहिला मुलगा. बापाने पाठिंबा दिल्याशिवाय असं होत नाही." कोणीतरी विचारलं, म्हणजे काय घेतलं? मास्तरांनी मन लावून समजावलं. पीठ, आहार, शिवण, स्वच्छता. मुरिथी घरी आला तेव्हा खोकतही नव्हता, इतका रागावला होता.

तो बसला नाही. उभ्याने म्हणाला की उद्या शाळेत जाऊन विषय बदलतो, अजून शुक्रवारपर्यंत बदलता येतो. न्याविरा काही बोलायला गेली तर म्हणाला, तू त्या पिलावाचं आधी सांग. (म्हणजे तेही कळलं होतं.) पोरगा उठला. म्हणाला, "बाबा, मला यंत्र जमत नाही. तुम्ही केळींत गेलात ते माझ्यामुळे. मला जे जमतं ते तुम्ही एकदा खाऊन बघा."

"तुझ्या आजोबांनी जन्मात कधी चुलीला हात लावला नाही," मुरिथी म्हणाला. "त्यांचं नाव घेऊन तू पळी हलवणार? मग ते नाव आम्ही दिलं कशाला?"

पोराचं तोंड असं झालं की मला बघवेना. नाव काढून घेतल्यासारखंच ते झालं. त्याचे कान ओढले असते तर चाललं असतं. मी काठी आपटली आणि विचारलं, "तुला कोणी सांगितलं, लावला नाही म्हणून?"

आणि मग मी सांगितलं. (गाकुरू, इथे हसू नकोस, आधी ऐकून घे.) मी सांगितलं की तुझा बाप तरुणपणी नैरोबीला रेल्वेच्या कारखान्यात होता तेव्हा एका खोलीत राहायचा, आणि त्या खोलीत स्वयंपाक तोच करायचा. रोजचा. आणि तो इतका छान करायचा की शेजारच्या खोल्यांतले लोक वासाने दार वाजवायचे. लग्न झाल्यावर सोंडेवर आला, तेव्हा लोक काय म्हणतील म्हणून सोडलं, पण माझ्या बाळंतपणात दार लावून मला करून घालायचा. मुरिथी पालथ्या बादलीवर बसला. कोणी पाहिलं, असं त्याने विचारलं. मी म्हटलं, तुझ्या मामाने. गाकुरू मामा त्याच खोलीत राहायचा.

मग मुरिथीने लहान मुलासारखं विचारलं, "काय करायचे बाबा?"

"हिरवे मूग आणि चपात्या."

"गोल?"

"गोल," मी म्हटलं.

त्याने पोराकडे पाहिलं, मग चुलीकडे, आणि म्हणाला, मग दाखव बघू. पोराने त्या रात्री मूग आणि चपात्या केल्या. मुरिथीने सहा खाल्ल्या. शुक्रवार आला आणि गेला, विषय बदलला नाही. आता दुकानात स्क्रू मागायला गेलं की ऐकावं लागतं, बाबांचा हात काय होता, सगळा रेल्वेचा कारखाना जेवायला यायचा. मी इतकी सुखात आहे, गाकुरू, की गुडघासुद्धा मधूनच दुखायचं विसरतो. तुझे पाय जप, मीठ कमी खा, वहिनीला आणि मुलांना माझं प्रेम सांग. तुमच्या समुद्रावर आणि आमच्या डोंगरावर एकाच देवाची नजर राहो.

तुझी थोरली बहीण,
गथोनी

ता. क. मुरिथी येत्या पंधरवड्यात बंदरावर जुन्या इंजिनांचे भाग घ्यायला येतोय आणि तुझ्याकडे उतरणार आहे. आल्याआल्या तो बाबांच्या स्वयंपाकाचं विचारणार. तू हो म्हण. हिरवे मूग आणि चपात्या, बस्स, एवढंच लक्षात ठेव. गोष्ट फुगवायच्या तुझ्या सवयीप्रमाणे त्यात मासे, खोबरं आणि गव्हर्नर घालू नकोस.

ता. क. दुसरा. तू काय म्हणणार ते मला ठाऊक आहे. त्या खोलीत स्वयंपाक तू करायचास, आमचे ते फक्त भांडी घासायचे आणि तीही फोडायचे. एकदा त्यांनी पाणी उकळायला ठेवलं आणि भांड्याचं बूड जळलं. बाळंतपणात त्यांनी मला दार लावून जे दिलं ते शेजारणीकडून मागून आणलेलं होतं. सगळं खरं आहे. पण गेलेल्या माणसाच्या हातच्या चपात्या आता कोण मोजायला येतंय? आणि हयात नवऱ्याचं भलं होत असेल तर गेलेल्याने एवढं सोसायला हरकत नाही. ते असते तर त्यांनीही हो म्हटलं असतं, आणि वर दोन चपात्या मागितल्या असत्या.

ता. क. शेवटचा, आणि हा सगळ्यात महत्त्वाचा, न्याविराने हात जोडून लिहायला सांगितलाय (तिला मी खरं सांगितलंय, तिच्याशिवाय कोणाला नाही). बाप करायचा म्हटल्यावर परवापासून मुरिथी स्वतः चुलीपाशी बसतोय. पोराला उठवून बसतो. काल त्याने मक्याच्या पिठाची घट्ट उगाळी शिजवली, गाय ती हुंगून मागे सरली, आता त्या गोळ्याचा गोठ्याच्या दाराला टेकू दिलाय. आज चहा केला, त्याबद्दल मी लिहीत नाही, पत्र पवित्र असतं. तेव्हा भावा, तो आला की सांग, तुझा बाप फार छान स्वयंपाक करायचा, पण बाकी घरात दुसरं कोणी करणारं असेल, तर चुलीच्या जवळपास फिरकायचासुद्धा नाही.